सौर आणि पवन वीज स्वस्त झाली म्हणतात, मग घरचं बिल का चढतंय?

प्रश्नकर्ती

काल गेल्या पाच वर्षांची वीजबिलं काढून क्रमाने लावली. सगळे दिवे एलईडी केले, जुना फ्रिज बदलला, त्यामुळे युनिटं खरंच कमी झालीत. रक्कम मात्र वाढतच गेली आहे. दुसरीकडे सौर वीज आता सगळ्यात स्वस्त, असं सतत वाचायला मिळतं. ऊन फुकट, वारा फुकट, तर तो फायदा मधे कुठे मुरतो? भावाचं म्हणणं, या नव्या विजेमुळेच दर वाढले. मला ते पटत नाही, पण खोडून काढण्याइतकी माहितीही नाही. कोणी नीट समजावून सांगेल का?

निवृत्त भारनियंत्रक

मी बावीस वर्षं भार प्रेषण केंद्रात पाळ्या केल्या. कोणतं वीजकेंद्र कधी चालू करायचं आणि त्याच्याकडून किती वीज उचलायची, हेच आमचं काम. त्यामुळे तिथून जसं दिसतं तसं सांगतो.

बिलात तयार विजेची किंमत हा एकच भाग असतो. उच्चदाब वाहिन्या, उपकेंद्रं, रोहित्रं (ट्रान्सफॉर्मर), तारा तापून वाया जाणारी वीज, कर, अधिभार हे सगळं त्यावर चढतं. तुम्ही वीज कमी वापरली म्हणून तुमच्या भागातलं रोहित्र लहान होत नाही. सगळ्यांनीच वापर कमी केला तर तोच खर्च कमी युनिटांवर वाटला जातो. तुमच्या बिलांत याचा हात नक्की असणार.

आता मुख्य गोष्ट. घाऊक बाजारात दर तासाला, कुठे दर पंधरा मिनिटांना, केंद्रं बोली लावतात. सगळ्यात स्वस्त आधी, मग त्याहून महाग, अशी मागणी पूर्ण होईपर्यंत रांग लागते. रांगेत शेवटी ज्याला घ्यावं लागतं, त्याचा दर त्या वेळेपुरता सगळ्यांना मिळतो. पवनचक्कीला इंधन लागत नाही म्हणून ती रांगेत पहिली. पण शेवटचा जर गॅसवाला असेल, तर पवनचक्कीच्या विजेलाही त्या बाजारात गॅसचाच दर. २०२२ मध्ये युरोपात हेच झालं. रशियाकडून येणारा गॅस आटला आणि जिथे भरपूर वारा होता तिथलेही दर भडकले. गॅसच्या उत्तम केंद्रातही इंधनातल्या उष्णतेच्या साधारण साठ टक्क्यांपर्यंतच वीज होते. म्हणजे गॅसमधली वाढ विजेच्या युनिटवर दीडपटीहून जास्त होऊन उतरते.

म्हणून सौर विजेचा वाटा किती टक्के, या आकड्यापेक्षा मी वेगळा प्रश्न विचारतो: दिवसातले किती तास इंधनाचं केंद्र दर ठरवतं? दुपारी आमच्या पडद्यावर सौर वीज भरभरून दिसायची. सूर्य कलला की तासा-दोन तासांत ती शून्यावर यायची, आणि नेमके तेव्हाच घरोघरी दिवे लागायचे. तो चढ भरून काढायला आम्ही महागडी यंत्रं दुपारपासून तयार ठेवायचो. कोळशाचा थंड संच सुरू व्हायला कित्येक तास लागतात, तो बटण दाबून येत नाही. तुमच्या बिलात त्या संध्याकाळची किंमत असते.

दुसरा वाचक

पण मग जर्मनीचं काय? एवढ्या पवनचक्क्या, एवढं सौर, आणि घरगुती दर युरोपातल्या सगळ्यात चढ्या दरांमध्ये. प्रश्नकर्तीच्या भावाचं अगदीच चूक म्हणता येणार नाही.

निवृत्त भारनियंत्रक

उदाहरण योग्य आहे आणि त्यात तथ्यही आहे. जर्मनीने २००० साली कायदा करून सौर-पवन उत्पादकांना वीस वर्षांची दरहमी दिली. तेव्हा पॅनेल फार महाग होती, त्यामुळे सुरुवातीचे करारही महाग. त्याचा बोजा ग्राहकांच्या बिलावर अधिभार म्हणून आला. २०१७ मध्ये तो युनिटमागे ६.८८ युरो सेंट होता. १ जुलै २०२२ पासून हा अधिभार शून्य केला, पण खर्च नाहीसा झाला नाही, तो सरकारी तिजोरीतून दिला जाऊ लागला. म्हणजे जर्मन ग्राहकाने पहिल्या पिढीच्या पॅनेलची किंमत मोजली. २०१० ते २०२० या दहा वर्षांत मोठ्या सौर प्रकल्पांतल्या विजेचा खर्च जगभर सरासरी ८५ टक्क्यांनी उतरला. आज उभ्या राहणाऱ्या प्रकल्पाला ते जुने आकडे लावणं अन्यायाचं आहे.

व्याजदराकडे फार कोणी बघत नाही, त्याचं मला वाईट वाटतं. पवन-सौर प्रकल्पाचा बहुतेक सगळा पैसा पहिल्याच दिवशी, कर्ज काढून घालावा लागतो. कर्ज महागलं की फुकटच्या वाऱ्याची वीजही महागते.

छतावर पॅनेल असलेला

आमच्या छतावर चार वर्षांपासून पॅनेल आहेत, बिल अगदी थोडं येतं. शेजारी म्हणतात, तुमच्या तारांचा खर्च आम्ही भरतो. हे खरं आहे का?

निवृत्त भारनियंत्रक

काही अंशी खरं आहे. दुपारी तुम्ही वीज बाहेर देता, रात्री तेवढीच परत घेता, आणि दोन्ही एकाच दराने वजा होत असतील तर तारांचा खर्च इतरांवर सरकतो. दुपारच्या युनिटची किंमत रात्रीच्या युनिटइतकी नसते. २०२४ मध्ये जर्मनीत ४५७ तास घाऊक दर शून्याखाली होता, म्हणजे वीज घेणाऱ्यालाच पैसे मिळत होते. तुम्ही पॅनेल लावलीत हे चांगलंच केलंत. शक्य असेल तेव्हा जोडीला बॅटरी घ्या. दक्षिण ऑस्ट्रेलियात हॉर्न्सडेलला २०१७ मध्ये १०० मेगावॉटची बॅटरी बसवली, तेव्हा ग्रिडची वारंवारता (फ्रिक्वेन्सी, जी मागणी आणि पुरवठा जुळले नाहीत की हलते) सांभाळण्याचा खर्च तिथे बराच खाली आला. नोकरीत असताना अशी बॅटरी हाताशी असावी असं फार वाटायचं.

प्रश्नकर्ती

बिलं पुन्हा काढून बसले. पाच वर्षांत सगळ्यात जास्त वाढलाय तो स्थिर आकार आणि वहनाचा खर्च. मी आजवर फक्त खालची बेरीज बघत होते. भावालाही दाखवलं. तो आता जर्मनीच्या अधिभाराबद्दल वाचतोय. आमच्याकडे वेळेनुसार दर निवडता येतो असं बिलाच्या मागे बारीक अक्षरात लिहिलंय. गिझर आणि कपड्यांचं यंत्र दुपारी चालवता येईल, स्वयंपाकाची वेळ मात्र हलत नाही. एवढ्याने फरक पडेल का?

निवृत्त भारनियंत्रक

पडेल. आधी गिझर हलवा, घरात तोच सगळ्यात जास्त ओढतो. महिनाभराने दोन्ही वेळांची युनिटं इथे लिहा, आपण मिळून बघू.