मदत हवी आहे : मांजरपाटाच्या पिशव्यांवरचे यंत्रावरील भरतकाम कापडाला इजा न होता कसे उसवावे?

सर्वांना नमस्कार. यंत्रावर केलेले भरतकाम उसवण्याचा प्रत्यक्ष अनुभव असलेल्यांकडून मला मार्गदर्शन हवे आहे. माझ्यापुढे ३० पिशव्या आहेत आणि हाताशी जेमतेम तीन आठवडे आहेत, म्हणून सगळा तपशील सुरुवातीलाच देते.

आम्ही गुहागर तालुक्यात राहतो. माझ्या आईला या वर्षी ७५ वर्षे पूर्ण होत आहेत. मुंबई-पुण्याचे नातेवाईक गणपतीसाठी गावी आलेले असतील तेव्हाच, गौरी-विसर्जनाच्या दुसऱ्या दिवशी, तिचा अमृतमहोत्सव घरच्या घरी करायचे ठरले आहे. येणाऱ्यांना आमसुले आणि फणसपोळी घालून द्यायच्या पिशव्या आईने स्वतः शिवल्या. आंब्याची धावपळ आटोपल्यावर तिने मांजरपाट आणवला आणि पावसाच्या दिवसांत पडवीत पायमशीन लावून रोज एक-दोन अशा २८ पिशव्या पुऱ्या केल्या. शिवाय पावसात वापरता याव्यात म्हणून दोन पिशव्या छत्रीच्या कापडाच्या शिवल्या. तिची नजर आता पूर्वीसारखी राहिलेली नाही, तरी एकाही पिशवीची टीप वाकडी गेलेली नाही.

या पिशव्यांवर ‘आशीर्वाद’ एवढा एकच शब्द भरून घ्यावा, ही कल्पना माझी. तालुक्याबाहेरच्या एका कारागिराकडे संगणकावर चालणारे भरतकामाचे यंत्र आहे. त्याला मी मोबाइलवरून मजकूर पाठवला आणि त्यात ‘आशिर्वाद’ असे लिहिले. त्याने नमुन्याचे छायाचित्र पाठवून विचारलेही होते आणि मी ते मान्य केले होते, त्यामुळे चूक सर्वस्वी माझी आहे. आईने अनेक वर्षे शाळेत मराठी शिकवले. पिशव्या घरी आल्यावर तिने एक हातात घेतली, अक्षरांवरून बोट फिरवले आणि म्हणाली, “शी दीर्घ हवा होता. पण राहू दे आता.” ती रागावली असती तर मला कमी वाईट वाटले असते. तिच्या हातच्या पिशव्यांवर तिच्याच नावाने चुकीचा शब्द घरोघरी जावा, हे मला मान्य नाही.

आता भरतकामाविषयी. अक्षरे सुमारे एक इंच उंच असून संपूर्ण शब्द साधारण पाच इंच रुंद आहे. दोरा मरून रंगाचा, चकचकीत पॉलिएस्टरचा आहे आणि टाके इतके दाट आहेत की खालचे कापड मुळीच दिसत नाही. पिशवी उलटी केली की मागे कागदासारखे पांढरे अस्तर दिसते आणि प्रत्येक रेघेच्या मधोमध पांढऱ्या दोऱ्याची बारीक पट्टी दिसते. मी एका पिशवीवर पुढच्या बाजूने ब्लेडने टाके कापून पाहिले. ‘आ’चा काना निघाला, परंतु दोन ठिकाणी मांजरपाटाचाच धागा कापला गेला, आणि जिथून दोरा निघाला तिथे सुईच्या छिद्रांची रांग स्पष्ट दिसते. तेव्हापासून मी हात लावलेला नाही.

मला विचारायचे आहे ते असे. कापड न कापता हे टाके काढण्याची योग्य रीत कोणती? छिद्रे बुजतात का? आणि संपूर्ण शब्द न उसवता केवळ वेलांटी बदलणे शक्य आहे का? ऱ्हस्व वेलांटीचा दंड ‘श’च्या आधी आहे. तो काढला तर ‘आ’ आणि ‘श’ यांच्यामध्ये मोकळी जागा राहील, आणि दीर्घ वेलांटीचा दंड ‘श’च्या पुढे घालायला गेले तर तिथे दोन-तीन मिलिमीटरदेखील जागा नाही. छत्रीच्या कापडाच्या दोन पिशव्यांचे काय करावे, तेही कृपया सांगावे.

प्रतिसाद – १

ताई, आधी ते ब्लेड बाजूला ठेवा. मी काही वर्षे रत्नागिरीत भरतकामाच्या यंत्रावर काम केले आहे आणि चुकलेली नावे उसवणे हा तिथल्या रोजच्या कामाचाच भाग होता.

यंत्राच्या टाक्यात दोन दोरे असतात. वरचा रंगीत, आणि खालून बॉबिनमधून येणारा बारीक, बहुधा पांढरा. भरतकाम करताना वरचा दोरा थोडा मागच्या बाजूला ओढला जाईल असा ताण ठेवतात, म्हणून मागून पाहिले की दोन्ही कडांना रंगीत दोरा आणि मध्ये पांढरी पट्टी दिसते. तुम्ही वर्णन केलेली पट्टी तीच. सगळे टाके तिने धरून ठेवलेले असतात, त्यामुळे कापायचे ते मागून आणि त्या पट्टीवरच. पिशवी उलटी करून चांगल्या उजेडात बसा. शिंप्यांकडे मिळणारे सीम रिपर घ्या. त्याच्या दोन टोकांपैकी आखूड टोकावर लाल गोळी असते, ती गोळी कापडाकडे आणि उघडे टोक वर राहील असे धरा. एका वेळी चार-पाच टाक्यांखाली सरकवून वरच्या दिशेने उचला, म्हणजे दोरा कटतो आणि कापडाला धक्का लागत नाही.

बहुतेक जण इथे एक चूक करतात. काम सोपे व्हावे म्हणून ते पांढरे अस्तर आधी फाडून टाकतात. तसे करू नका. ते अस्तर बॉबिनचा दोरा आणि तुमचे कापड यांच्या मध्ये असते, त्यामुळे पाते निसटले तरी आधी ते अस्तर कापले जाते. टाके पूर्ण निघाल्यावरच ते काढा.

पट्टी कापून झाली की पिशवी सुलट करा आणि वरचा दोरा बारीक चिमट्याने उचला, तो बहुतांशी सहज निघून येईल. त्याच्या खाली विरळ टाक्यांचा आणखी एक थर सापडेल. वरचे टाके उठून दिसावेत म्हणून यंत्र तो आधी घालते. तोही याच पद्धतीने मागून कापा. एखादा टाका अडला तर ओढू नका, पुन्हा मागे जाऊन पाहा, कारण कापडाचे नुकसान बहुधा त्या ओढण्यानेच होते. उरलेली कुसे चिकटपट्टीने टिपून घ्या. दाढीच्या ट्रिमरने मागची बाजू तासण्याची रीतही आहे आणि मोठ्या भरीव नक्षीसाठी ती चालते, परंतु एक इंची अक्षरांसाठी आणि एकपदरी मांजरपाटावर मी ती सुचवणार नाही.

छिद्रांची फारशी काळजी करू नका. सुईने सुती कापडाचे धागे बहुतेक वेळा बाजूला सारलेले असतात, तुटलेले नसतात. त्या जागी पाण्याचा हबका मारा आणि नखाने किंवा चमच्याच्या पाठीने आधी उभ्या धाग्यांच्या दिशेने, मग आडव्या धाग्यांच्या दिशेने हलके घासा, मग मागून वाफेची इस्त्री करा. दोन-तीन वेळा केल्यावर धागे जागेवर येतात. मांजरपाट न धुता शिवला असेल तर त्यात खळ असते आणि पहिल्या धुण्यात तो आटतो, त्यामुळे वीणही घट्ट होते. मात्र पॉलिएस्टरचा दोरा आटत नाही. शब्दाचा काही भाग तसाच ठेवणार असाल, तर आत्ता संपूर्ण पिशवी धुऊ नका, अन्यथा उरलेल्या अक्षरांभोवती कापड चुरगळल्यासारखे दिसेल. श्रावणातल्या दमट हवेत ओलावा राहिला तर मांजरपाटावर बुरशीचे काळे ठिपके पडतात आणि ते पुढे निघत नाहीत, म्हणून प्रत्येक पिशवी इस्त्रीने पूर्ण कोरडी करूनच कपाटात ठेवा.

प्रतिसाद – २

वेलांटीबद्दल सुचवते. ‘शि’ आणि ‘शी’ यांची रुंदी सारखीच असते, फरक आहे तो दंड आधी येतो की नंतर, एवढाच. म्हणून केवळ दंड न काढता दंड, ‘श’ आणि वरची कमान एवढेच उसवा. त्याच जागेत ‘श’ डावीकडे सरकवा आणि दंड त्याच्या उजवीकडे घ्या. शिरोरेखेला हात लावायचे कारण नाही, ‘र्वा’वरचा रफारही जिथल्या तिथे राहील. नव्या ‘श’खाली जुनी बरीचशी छिद्रे झाकलीही जातील. ज्या ठिकाणी उसवणे थांबवाल तिथे शेजारच्या अक्षराचा दोरा थोडा लांब ठेवून मागे ओढून घ्या आणि गाठ मारा, नाहीतर ‘आ’सुद्धा हळूहळू सुटत जाईल. पुन्हा यंत्रावर देऊ नका. एकदा टोचलेल्या जागी तितकेच दाट टाके पुन्हा पडले तर कापड कातरल्यासारखे फाटू शकते. सहापदरी दोऱ्याचे दोन पदर घेऊन हाताने कडेला दांडी टाका आणि आत भरीव टाका घाला.

प्रतिसाद – ३

छत्रीच्या कापडावरचे भरतकाम उसवू नये. त्या कापडावर पाणी अडवणारा लेप असतो, सुईची छिद्रे त्यावर कायमची राहतात आणि पिशवी तिथूनच गळते. वाफेचाही उपयोग नाही, आणि इस्त्री जास्त तापली तर नायलॉन वितळेल. त्यावर मांजरपाटाचा तुकडा लावून शब्द झाकावा आणि तुकड्याच्या कडेने एकच टीप मारावी.

धागाकर्तीकडून

तिघांचेही मनापासून आभार. आठ दिवसांत जे झाले ते कळवते.

पहिल्या पिशवीवर मला एक तास वीस मिनिटे लागली, पाचव्या पिशवीला पन्नास मिनिटे. लाल गोळी खाली ठेवून मागून कापल्यापासून कापडाचा एकही धागा तुटलेला नाही. छिद्रे पहिल्या वाफेनंतर दिसत होती, तिसऱ्या वाफेनंतर मला ती शोधावी लागली. ‘शि’ आणि ‘शी’ यांची रुंदी सारखी असते, हे मी आईला सांगितले तेव्हा तिने पेन्सिल मागून घेतली आणि उसवलेल्या जागेत ‘शी’ स्वतः काढून दिला. तिचे वळणदार अक्षर यंत्राच्या अक्षरांपेक्षा किंचित वेगळे दिसते, पण मी ते मुळीच न बदलता त्यावरूनच दांडी टाका घालत आहे. मरून दोऱ्याची नेमकी छटा चिपळूणला मिळाली नाही. मिळाली ती थोडी गडद असल्यामुळे शब्दाच्या मधले एक अक्षर जरा उठून दिसते, आणि ते मला चालेल असे मी ठरवले आहे. जी पिशवी मी ब्लेडने खराब केली होती, तिच्यातील तुटलेले दोन धागे मांजरपाटाच्याच कडेचा धागा काढून मागून रफू केले.

अजून २३ पिशव्या बाकी आहेत. रोज दोन केल्या तरी गौरी येईपर्यंत त्या पुऱ्या होतील. छत्रीच्या कापडाच्या दोन पिशव्यांवर लावायचे तुकडे आईने कापून ठेवले आहेत, परंतु त्यांवर टीप मारताना पुन्हा नवी छिद्रे पडतीलच. ती आतून बंद करण्यासाठी छत्री दुरुस्त करणारे काही लावतात का, हे कुणाला माहीत असल्यास तेवढे अवश्य सांगावे.