‘हातभर वर’मधलं भय आलं कुठून?

तासगावकर
परवा आमच्या वाचनकट्ट्यावर ‘हातभर वर’ ही भयकथा वाचली गेली, आणि चहा गार होईपर्यंत वाद झाला. ज्यांनी वाचली नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. 2005 च्या महापुरानंतर सांगलीजवळच्या हरिपुरातला एक अडत्या हळदीचं शाबूत राहिलेलं एकुलतं एक पेव, म्हणजे जमिनीखालचं कोठार, उघडतो. रीतीप्रमाणे आधी आतली हवा बघायला कंदील सोडतात. तो पंधरा हातांवर विझतो. दुसऱ्या दिवशी चौदावर, तिसऱ्या दिवशी तेरावर. मधेच एक हमाल आत उतरतो, तो वर येत नाही. कंदील मात्र रोज हातभर वर विझत राहतो. एक दिवस पेवाच्या तोंडाशी विझतो, मग ओसरीत. शेवटी अडत्याची बायको देवापुढं निरांजन लावायला जाते, तर काडीच पेटत नाही.

कथा बांधेसूद आहे, नाही म्हणत नाही. पण जागा आपली आणि भय उसनं, असं माझं मत. आपल्याकडच्या भुताला काहीतरी हवं असतं. मुंजाची मुंज झालेली असते पण लग्न राहिलेलं असतं, हडळ बाळंतपणात गेलेली असते, पाण्यातल्या आसरांना खणनारळ लागतो. मागणं पुरवलं की सुटका. या पेवातल्या गोष्टीला नाव नाही, गाव नाही, मागणंही नाही. हा साचा बाहेरून आलाय. लेखकाने प्रेरणा कुठली ते मोकळेपणी सांगून टाकावं. हल्ली भयकथांचं पेव फुटलंय, त्यात हे एक पेव आणखी.

मिरजेची
तासगावकर, कोटी चांगली आहे, मुद्दा नाही. कंदील सोडायची रीत बाहेरून आली का? पेवाचं तोंड माणूस जेमतेम जाईल एवढं, खाली पोट रांजणासारखं फुगलेलं. आत बाहेरची हवा खेळत नाही म्हणून हळदीला कीड लागत नाही, आणि म्हणूनच माणूस गुदमरतो. जे मालाला राखतं तेच माणसाला मारतं. एवढं आयतं हाताशी असताना मुंजा कशाला आणायचा? आणि भुताला मागणं असलंच पाहिजे हा नियम कुणी केला? माझ्या आजीच्या निम्म्या गोष्टींत चकवा असायचा. तो रात्रभर फिरवतो आणि पहाटे सोडून देतो. मागत काहीच नाही.

रिटायर मास्तर
शास्त्र शिकवण्यात जन्म गेला म्हणून चार ओळी. हळद, तिच्यातली कीड, बुरशी सगळेच श्वास घेतात. बंद पेवात ऑक्सिजन संपत जातो आणि कार्बन डायऑक्साइड साठतो. तो हवेपेक्षा जड, म्हणून तळाशी बसतो. साध्या हवेत ऑक्सिजन 21 टक्के, ज्योत साधारण 16-17 ला मान टाकते. म्हणजे माणूस कोसळायच्या आधी कंदील सांगून जातो. कंदील लावणाऱ्याने पुस्तक वाचलेलं नव्हतं, तरी प्रयोग चोख.

आता कथेकडे. पेव उघडं ठेवलं की विझायची पातळी खाली जायला हवी, वर नाही. मात्र पुराचं पाणी झिरपून हळद कुजू लागली तर वायू वाढून पातळी वर चढू शकते. तेव्हा पेवाच्या तोंडापर्यंत मी लेखकाच्या बाजूने. ओसरीत मात्र वायू पसरून जाणार. निरांजनाचे मार्क कापले.

हमालाचा नातू
मास्तर, मार्क नंतर कापा. आधी कुणाचं मरण वापरलंय ते बघा.

माझा आजा पेवात उतरायचा. वर आला की भुवया, कान, नाकातलं केससुद्धा पिवळं. दोन दिवस शिंकंला पिवळं यायचं. आज्जी त्याची उशी वेगळी ठेवायची, खोळ कितीबी धुतली तरी डाग जायचा न्हाई. पेव उघडल्यावर निदान एक दिवस वारं खाऊ द्यायचं, हे त्याला कळत होतं. पण भाव चढला की मालकाला दम निघायचा न्हाई. “गाडी थांबलीया, उतर, काय हुत न्हाई.” त्याच्या जोडीचा एकजण असाच गेला. कोणाचं पेव ते मी लिहीत न्हाई.

तुमच्या कथेत हमाल मेला, आणि मारलं कुणी? तर कसल्यातरी अंधारानं. घाई करणारा माणूस सुटला. उलट शेवटी त्याच्याच बायकोची दया यायला लागती. भुताची गोष्ट म्हणून वाचली असती तर टाळी दिली असती. पण आमच्या घरात ही भुताची गोष्ट न्हवती, मजुरीची होती.

कृष्णाकाठ
दादा, राग समजतो, पण प्रत्येक कथेनं पंचनामा करायचा का? भयकथा आहे ती.

हमालाचा नातू
पंचनामा झालाच न्हवता कधी. तेच तर सांगतोय.

लेखक
सगळं वाचलं. आधी तासगावकरांचं, कारण त्याचं उत्तर सोपं आहे.

प्रेरणा पेवाची नाहीच मुळी, पुराची आहे. 2005 ला आम्ही सांगलीच्या गावभागात राहायचो. त्या दिवसांत घरात एकच प्रश्न होता, “आयर्विनला किती झालं?” बाहेरच्यांसाठी सांगतो, आयर्विन म्हणजे 1929 चा कृष्णेवरचा पूल. सांगलीचा पूर तिथल्या फुटांत मोजतात: 40 ला इशारा, 45 ला धोका. (पूर कोयना धरणामुळं की अलमट्टीमुळं हा वाद कृपया इथे काढू नका, धागा बुडेल.) रात्री पाणी जिन्यात आलं. त्याला आवाज नव्हता. आई लोणच्याची बरणी एकेक पायरी वर सरकवत होती. पाणी पायरीला लागलं की ती उठायची, बरणी उचलायची, वरच्या पायरीवर ठेवायची आणि परत बसायची. रडली नाही, बोललीही नाही. मी जिन्यात बॅटरी धरून उभा. ती बरणी सात पायऱ्या चढली.

पुराला काही नको असतं, तासगावकर. खणनारळानं त्याची ओटी भरतात, तरी यायचं तेवढं येतंच. 2019 ला सत्तावन्न फुटांच्या वर गेलं. माझ्या पेवातल्या गोष्टीला मागणं नाही ते एवढ्यासाठी. पेव मागाहून आलं. हरिपुरात पुरानं बुजलेली पेवं पाहिली, आणि पायऱ्यांच्या जागी हात आले.

मास्तर, निरांजनाचे मार्क गेले तरी चालतील.

तासगावकर
बरणीचं आधी का नाही लिहिलंत? उसनं म्हटलं ते मागे घेतो. पण मग बरणीचीच कथा लिहायची होती. पेव त्यात पाहुणं वाटतं.

मिरजेची
मला उलट वाटतं. बरणी सांगितल्यावर माझी भीती निम्मी झाली. आता निरांजनाच्या जागी मला लोणचं दिसणार. लेखकांनी प्रेरणा सांगूच नये.

हमालाचा नातू
लेखक, वाईट वाटून घेऊ नका. पूर तुमच्या जिन्यात आला, तुम्ही माडीवर गेला. पेवात उतरणाऱ्याला माडी न्हवती. भीती तुमच्या घरची, आणि मेला मात्र आमच्या घरचा. हा हिशोब मला पटत न्हाई.

लेखक
याला माझ्याकडे चांगलं उत्तर नाही. पहिल्या खर्ड्यात अडत्या “उतर” म्हणतो असं एक पान होतं. ते मी काढलं. वाटलं, कथा सामाजिक होईल आणि भय पातळ होईल.

कृष्णाकाठ
काढलंत ते बरं केलंत.

मिरजेची
अजिबात नाही. सगळ्यात भीतिदायक तेच पान असणार.

हमालाचा नातू
एकच विचारतो. आत माणूस असला की वरनं सारखी हाळी द्यायची पद्धत. आतनं “हूं” आलं की बरं. “हूं” थांबलं की दोर ओढायचा. कमरंला दोर बांधल्याशिवाय आजा कधी उतरला न्हाई. तुमच्या कथेत दोर कुणाच्या हातात होता?

लेखक
त्या पानावर अडत्याच्या होता. छापलेल्या कथेत दोरच नाही.