कडुनिंबाच्या पाचोळ्यातला माइट कुठल्याच वर्णनाशी जुळत नाहीये, नवीन जात म्हणायची का?

मृगाचा_किडा
नमस्कार मंडळी. मी इथंच सोलापुरात एमएस्सी झूलॉजी करतेय, प्रोजेक्टला मातीतले माइट्स, म्हणजे कोळ्यांच्या नात्यातले बारीक जीव, घेतलेत (घरचे आणि मैत्रिणी सगळे म्हणत होते उजनीचे मासे घे, सोपं जाईल, पण ऐकतंय कोण). विजापूर रोडच्या बाजूला एका ओळखीच्यांच्या शेताच्या बांधावर कडुनिंब आणि बाभळीखालचा पाचोळा गोळा केला, पत्र्याचा डबा, चाळणी आणि वर बल्ब लावून घरीच बर्लीझ फनेल (पाचोळ्यातले जीव खाली उतरवणारं नरसाळं) बनवलं, खाली अल्कोहोलची बाटली. बरेच माइट्स आले. त्यातला एक तपकिरी चकचकीत, साधारण अर्धा मिलीमीटरच्या आतला, मला ओरिबॅटिड (पाचोळ्यात राहणारे कडक कवचाचे माइट्स, त्यातला) वाटतोय, शेलोरायबेट्स वंशाच्या जवळचा. पण पाठीवरचे केस दिसतच नाहीत, नुसते बारीक खड्डे दिसतात, आणि डोक्याकडचा तो सेन्सिलस (संवेदनेचा खास केस) नेटवरच्या चित्रातल्यापेक्षा लांब आहे. मी वापरलेली आयडेंटिफिकेशन की (लक्षणं बघत जात ओळखायचा तक्ता) युरोपातल्या जातींची आहे, तिच्यात कुठंच बसेना. गाइड म्हणतात बघू नंतर, आणि मित्र म्हणतो डायरेक्ट नवीन जात जाहीर कर, नाव सोलापुरेन्सिस. असं करता येतं का? आणि फनेलमधून पिल्लंच जास्त का येतात?

पाचोळा_पंडित
युरोपच्या की मध्ये सोलापूरचा माइट बसला असता तरच मला नवल वाटलं असतं. तो न बसण्याचा अर्थ एवढाच की पुस्तक चुकीच्या गावचं आहे, नवीन जात वगैरे लांबची गोष्ट झाली.

स्लाइडवाले_काका
वरच्यांचं बरोबर आहे पण पोरीला जरा नीट सांगूया की.

आधी फनेल. बल्ब कुठला लावलाय? एलईडी असेल तर उपयोग नाही, उजेड पडतो पण पाचोळा तापत नाही, जुना फिलामेंटचा बल्ब पाहिजे, २५ किंवा ४० वॅटचा, आणि आता तो मिळायलाही दोन-चार दुकानं फिरावी लागतात. ही फनेलची आयडिया बर्लीझची, १९०५ची, तो गरम पाण्याची उष्णता द्यायचा, बल्बची सुधारणा नंतर टुलग्रेननं १९१८ला केली. तत्त्व एकच, वरून हळूहळू वाळवत आणलं की प्राणी ओल शोधत खाली उतरतात. यातलं हळूहळू महत्त्वाचं. ओरिबॅटिड चालायला मंद, आपल्याकडच्या एप्रिल-मेच्या उन्हाळ्यात डबा झटक्यात वाळला तर ते मधेच मरून अडकतात आणि खाली फक्त पळणारे येतात. चार-पाच दिवस ते आठवडा लागू दे. पाचोळाही पावसाळ्यातला घे, आपल्याकडं पाऊस खरा सप्टेंबरात पडतो, त्या वेळी वरच्या थरात जीव असतो, उन्हाळ्यात सगळे खाली जातात.

पिल्लांचं म्हणशील तर ओरिबॅटिडमध्ये आधी सहा पायांची अळी, मग निम्फच्या तीन अवस्था, मग प्रौढ, आणि बहुतेक निम्फ फिकट मऊ असतात, प्रौढाशी त्यांचं तोंडवळ्यानंसुद्धा नातं लागत नाही. जात ठरवायला प्रौढच घे, निम्फ वेगळ्या बाटलीत ठेव, टाकू नकोस.

आता तुझा माइट. केस दिसत नाहीत आणि खड्डे दिसतात हे शेलोरायबेट्समध्ये नेहमीचंच आहे, पाठीवरचे केस इतके बारीक असतात की बऱ्याच जातींत फक्त त्यांची बुडं दिसतात. तेव्हा त्यावरून काही वेगळं समजू नकोस. पाठीवर सॅक्युली म्हणजे छोट्या पिशव्या असतात त्यांच्या ४ जोड्या आहेत का बघ, जननेंद्रियाच्या पट्ट्यांवर केसांच्या साधारण ४ जोड्या, गुदाच्या पट्ट्यांवर २ आणि बाजूला अॅडअॅनल ३. सेन्सिलस गदेसारखा आहे का टोकदार, आणि त्याचा दांडा किती, हे मोजून लिही, डोळ्यानं लांब वाटतो हे चालत नाही. लॅक्टिक अॅसिडमध्ये भिजवून रंग उतरू दे, घाई असेल तर थोडं कोमट कर, मग खड्ड्याच्या स्लाइडवर अर्धी काच ठेवून बघ. काच हलवली की माइट लोळतो, वर खाली बाजू सगळं दिसतं. कायमची स्लाइड केली की तो चपटा होतो आणि अर्धी मोजमापं खोटी येतात.

डाळिंब_सांगोला
आमच्याकडं डाळिंबावर लाल कोळी येतो तो हाच काय? फवारणी कुठली घ्यावी? आणि हे बांधावरचे पिकाला लागतात का, पाचोळा जाळावा का मग

पाचोळा_पंडित
@डाळिंब_सांगोला नाही दादा, लाल कोळी पानातला रस शोषतो, तो गटच वेगळा. हे पाचोळा आणि त्यावरची बुरशी खातात, कुजायला मदत करतात, पाचोळा जाळू नका. फवारणीचं कृषी सहायकाला विचारा, इथं नको. पण शेळ्या-मेंढ्या असतील तर एक लक्षात ठेवा, मेंढरांच्या पोटात मोनिझिया नावाचा पट्टकृमी होतो त्याची पुढची अवस्था याच ओरिबॅटिड माइट्समध्ये वाढते, मेंढरू गवताबरोबर माइट खातं आणि कृमी पोटात जातो. हे १९३७ला स्टंकार्डनं दाखवून दिलं. शेलोरायबेट्स त्या यजमानांपैकीच एक.

डाळिंब_सांगोला
अरे बापरे. आमच्या मेंढ्या त्याच बांधाला चरतात की

मृगाचा_किडा
खूप थँक्स काका. बल्ब एलईडीच होता 🙈 मग समजा सॅक्युली वगैरे सगळं मोजलं आणि तरीही नाही जुळलं, तर पुढं काय? आणि पुढचा पाचोळा नान्नजमधून आणायचा विचार आहे, माळढोक अभयारण्याच्या ग्लिरिसिडियाखाली छान थर आहे.

माळावरचा_माणूस
नान्नजचं तेवढं थांब. ते अभयारण्य आहे, आत अभ्यास करायचा, पाचोळा उचलायचा तर मुख्य वन्यजीव रक्षकांची परवानगी लागते, कॉलेजच्या लेटरहेडवर अर्ज कर आणि वाट बघ. एक मूठ पानंच तर आहेत म्हणून पिशवी घेऊन घुसू नकोस, नंतर पेपर छापताना परवानगीचा नंबर मागतात त्या वेळी अडकशील. शेताच्या बांधावरचंच पुढं चालू ठेव, शेतमालकाला विचारून.

स्लाइडवाले_काका
पुढचं असं. कुळापर्यंत जायला क्रांट्झ आणि वॉल्टरचं मॅन्युअल ऑफ अॅकॅरॉलॉजी, तिसरी आवृत्ती २००९ची. तिथून पुढं वंश आणि जात. ओरिबॅटिडच्या अकरा हजारांच्या आसपास जाती नोंदवलेल्या आहेत, त्यांची सुबियासनं केलेली यादी २००४ला छापली गेली आणि नंतर वेळोवेळी सुधारत गेली, त्यात तुझ्या वंशाच्या शेकड्यानं जाती सापडतील. त्यातल्या भारत, श्रीलंका, आग्नेय आशिया, आफ्रिका इथल्या सगळ्यांची मूळ वर्णनं काढायची. काही जर्मनमध्ये आहेत, काही फ्रेंचमध्ये, आणि काहींत चित्र एकच आणि तेही धूसर. खरं काम इथं आहे बघ, फनेल आणि स्लाइड त्यापुढं काहीच नाही. जुनं वर्णन अपुरं असेल तर टाइप नमुना, म्हणजे ज्यावरून त्या जातीला नाव दिलं तो, ज्या म्युझियममध्ये आहे तिथून फोटो मागवायचे, नाहीतर तू ज्याला नवीन म्हणशील तो कुणीतरी शंभर वर्षांपूर्वी नाव दिलेला निघतो आणि तुझं नाव समानार्थी म्हणून खाली जातं. नर-मादीत आकार वेगळा असतो, एका नगावर काही ठरवू नकोस, निदान दहाएक प्रौढ मोज.

एवढं करूनही फरक टिकला तर मग प्राण्यांच्या नावांच्या आंतरराष्ट्रीय नियमाप्रमाणे. १९९९नंतर छापलेल्या नव्या जातीसाठी होलोटाइप (नाव ज्या एका नमुन्याला बांधलेलं असतं तो) कुठला ते स्पष्ट सांगावं लागतं आणि तो कुठल्या संग्रहात ठेवणार तेही. आपल्या जैवविविधता कायद्यात, २००२चा तो, नवीन जात सापडली तर ठरवून दिलेल्या संस्थेला कळवून नमुना तिथं द्यायचा आहे, प्राण्यांसाठी कोलकात्याची झूलॉजिकल सर्व्हे. त्यांचं केंद्र पुण्यात आकुर्डीलाही आहे, सोलापूरहून सकाळच्या गाडीनं जाऊन येता येतं, आधी मेल टाकून तिथल्या माणसांना भेट, महिनाभराचं डोकेदुखीचं काम तासात सुटेल. पेपर फक्त ऑनलाइन निघणार असेल तर झूबँकमध्ये (प्राण्यांच्या नावांची ऑनलाइन नोंदवही) आधी नोंद करून तो नंबर पेपरमध्ये छापावा लागतो, २०१२पासून.

पाचोळा_पंडित
आणि प्लीज लेबल. बाटलीच्या आत, पेन्सिलनं, तारीख, जागा, अक्षांश-रेखांश, झाड कुठलं, थर किती खोल. बॉलपेन अल्कोहोलमध्ये धुऊन जातं. इथल्या उन्हात अल्कोहोल उडतंही फार, ८० टक्क्यांत दोन थेंब ग्लिसरीन टाक. डीएनए करायचा असेल तर मात्र त्यातले थोडे वेगळे काढून अॅब्सोल्यूट (बिनपाण्याच्या) अल्कोहोलमध्ये, फ्रीजरला.

मृगाचा_किडा
ओके. म्हणजे प्रोजेक्टपुरतं शेलोरायबेट्स प्रजाती १ असं लिहून ठेवते? नाव पण मी माझंच द्यायचं म्हणत होते गमतीत 😄

स्लाइडवाले_काका
हो, प्रजाती १ लिही, नमुने जपून ठेव. स्वतःचं नाव द्यायला नियमात बंदी नाही पण सगळे हसतात बे. बल्ब नवी पेठेत विचारून बघ आधी.