मदत हवी आहे: सेफ क्लस्टरमध्ये पाचवा नोड जोडताना व्हीएम अडखळू नयेत यासाठी काय करावे?

धागाकर्ता
सेफ (अनेक सर्व्हरच्या डिस्क एकत्र जोडणारी साठवण प्रणाली), आवृत्ती रीफ, ४ नोड (सर्व्हर), प्रत्येकी ८ टीबीच्या ६ हार्डडिस्क (क्रश वेट, म्हणजे डेटा वाटताना धरलेला क्षमतेचा आकडा, ७.२८). एकच मोठा पूल, ३ प्रती, २५६ पीजी (प्लेसमेंट ग्रुप, म्हणजे डेटाचे गट), त्यावर व्हीएमच्या (आभासी मशिनच्या) डिस्क. सरासरी ६८ टक्के भरलेले, पण एक ओएसडी (एक डिस्क सांभाळणारी सेवा) ८६ वर, एक ५४ वर. 'रिवेट-बाय-युटिलायझेशन' (जास्त भरलेल्या डिस्कांचा वाटा कमी करणारी आज्ञा) दोनदा चालवून झाले आहे. बॅलन्सर (पीजी समान वाटणारा भाग) अपमॅप मोडमध्ये, म्हणजे पीजीची जागा थेट नेमून देत, सुरू आहे. आता असाच पाचवा नोड जोडायचा आहे. नवी एक डिस्क घालून पाहिली तर व्हीएमचे लेखन रेंगाळते. ओएसडी मॅक्स बॅकफिल्स (एका ओएसडीवर एका वेळी किती पीजी हलवायचे तो आकडा) १ केले, फरक नाही. व्हीएम बंद ठेवता येणार नाहीत.

प्रतिसाद १
असमतोलाचे मूळ पीजींच्या संख्येत आहे. २५६ × ३ ÷ २४, म्हणजे ओएसडीमागे जेमतेम ३२ पीजी. तुमच्याकडे एक पीजी डिस्कचा सुमारे २.१ टक्के भाग व्यापतो. बॅलन्सरची 'अपमॅप मॅक्स डेव्हिएशन' (पीजींच्या संख्येत चालणारा फरक) मुळात ५ असते, त्यामुळे १० टक्क्यांचा फरकही त्याला चालतो. ती १ करा. शिवाय बॅलन्सर वाटा ठरवताना रिवेटने कमी झालेले आकडेही धरतो, म्हणून ते सगळे परत १ वर न्यायला हवेत. पण आत्ता लगेच नको, त्यानेही डेटा हलतो.

बॅकफिल्सच्या आकड्याचे म्हणाल तर रीफमध्ये एमक्लॉक (डिस्कचा वेळ कामांत वाटून देणारा भाग) असतो आणि ओव्हरराइड चालू केल्याशिवाय तो आकडा मानलाच जात नाही. ओव्हरराइडच्या नादी न लागता त्याचे प्रोफाइल 'हाय क्लायंट ऑप्स' (व्हीएमच्या कामाला प्राधान्य) करा. प्रत्येक ओएसडीची नोंदलेली आयओपीएस (सेकंदाला होणाऱ्या वाचन-लेखनाची) क्षमताही पाहा. हार्डडिस्कसाठी मूळ आकडा ३१५ आहे. एखादीवर भलताच आकडा असेल तर एमक्लॉकचा सगळा हिशेब चुकतो.

प्रतिसाद २
वरच्याशी सहमत. क्रम असा ठेवा: बॅलन्सर बंद, 'नोरिबॅलन्स' (डेटा हलवणे रोखणारा) ध्वज लावा, मग सहाही डिस्क पूर्ण वेटने जोडा आणि जुने रिवेट १ करा. पीअरिंग (पीजीच्या प्रतींची आपसातली जुळणी) होताना त्या त्या पीजीवरचे वाचन-लेखन क्षणभर थांबते, ते टळत नाही. म्हणून वर्दळ कमी असलेली वेळ निवडा. आता बरेच पीजी 'रिमॅप्ड' (नवी जागा ठरलेले) दिसतील. सर्नची (युरोपातली अणुसंशोधन संस्था) अपमॅप-रिमॅप्ड स्क्रिप्ट चालवा. डेटा आत्ता जिथे आहे तीच जागा योग्य, असे ती नकाशात लिहिते आणि पीजी जवळजवळ सगळे क्लीन (हलवायचे काही न उरलेले) होतात. एका फेरीत काही उरतात, दोन-तीनदा चालवा.

मग 'टार्गेट मॅक्स मिसप्लेस्ड रेशिओ' (एका वेळी ठरल्या जागी नसू शकणाऱ्या डेटाचा वाटा) ०.०५ वरून ०.०१ करा, ध्वज काढा, बॅलन्सर सुरू करा. तो थोडे थोडे पीजी नव्या डिस्कांवर सोडत जाईल. एकूण पाचवा हिस्सा, म्हणजे सुमारे २४ टीआयबी (टेबिबाइट) हलायचे आहेत. सेकंदाला ३०० एमबी मिळाले तरी पूर्ण दिवस लागेल. तुमच्या प्रोफाइलवर त्याहून जास्तच धरा.

८६ वाल्या ओएसडीवर नजर ठेवा. ९० ला बॅकफिल (हलवलेला डेटा भरून घेणे) नाकारले जाते, ९५ ला लेखन थांबते. या मर्यादा वाढवू नका. पीजी पूर्ण हलल्याशिवाय जुन्या डिस्कवरची जागा मोकळी होत नाही.

धागाकर्ता
ध्वज लावलेला असताना डिस्क गेली तर? आणि पीजी केव्हा वाढवू?

प्रतिसाद २
नोरिबॅलन्स फक्त 'मिसप्लेस्ड' डेटा थांबवतो. प्रत कमी पडलेल्या, म्हणजे 'डिग्रेडेड' पीजींची दुरुस्ती चालूच राहते. म्हणूनच इथे 'नोबॅकफिल' लावायचा नाही, तो दुरुस्तीही अडवतो.

पीजी नवा नोड भरून सगळे क्लीन झाल्यावर वाढवा: १०२४ केले की ३० ओएसडींवर प्रत्येकी सुमारे १०२ येतात. ही वाढ त्याच ०.०१ च्या लगामात टप्प्याटप्प्याने होते. त्याआधी त्या पूलचा ऑटोस्केलर (पीजींची संख्या आपोआप ठरवणारा) बंद करा, नाहीतर तो संख्या परत खाली ओढू शकतो.

प्रतिसाद १
मॉनिटरच्या (क्लस्टरची स्थिती नोंदवणाऱ्या सेवेच्या) डिस्कवर जागा राखून ठेवा. पीजी क्लीन होईपर्यंत जुने ओएसडी नकाशे छाटले जात नाहीत आणि लांबलेल्या स्थलांतरात मॉनिटरचा डेटाबेस फुगतो. डीप-स्क्रब (डेटाची सखोल तपासणी) तेवढे दिवस थांबवलात तर त्याचा ध्वज काढायची तारीख आत्ताच लिहून ठेवा.