डाळमिलमध्ये हवेची लाइन पीव्हीसीत: कोड लहान युनिटला लागू नाही का?

तापीकाठ
जळगावात पीव्हीसी पाइप म्हणजे घरचाच माल. म्हणून की काय, एमआयडीसीतल्या बऱ्याच युनिटांत कॉम्प्रेसरपासून सॉर्टेक्सपर्यंतची (डाळीतला खराब दाणा हवेच्या झोतानं उडवणारं मशीन) हवेची लाइनही त्याच पाइपात ओढलेली दिसते. मागच्या आठवड्यात एका ठिकाणी अशी लाइन एल्बोपाशी, म्हणजे वळणाच्या जोडाशी, फुटली. पोरगा चहाला गेला होता म्हणून वाचला. पाइपाचे टोकदार तुकडे बारदानाच्या थप्पीत रुतले होते. संध्याकाळी तिथं पुन्हा तोच पाइप, तेच चिकटवायचं सोल्यूशन.

माझं मत: दाबाची हवा पीव्हीसीतून नेणं बंदच झालं पाहिजे. प्रोसेस पायपिंगचा, म्हणजे कारखान्यातल्या पाइपांचा, अमेरिकन कोड (नियमावली) एएसएमई बी31.3 या कामाला पीव्हीसी आणि सीपीव्हीसी (गरम पाण्यासाठीचा पीव्हीसी) दोन्ही नको म्हणतो. तिथल्या ओशानं (कामगार सुरक्षेचं सरकारी खातं) तर 1988 मध्येच तसा इशारा दिला होता. ‘आम्ही लहान, कोड मोठ्यांसाठी’ ही सबब आता पुरे.

डाळमिलवाला
बोलायला काय जातं भाऊ! पाइपावर 10 किलो (दर चौरस सेंटीमीटरला) दाब छापलंय, माझा कॉम्प्रेसर 7 वर आपोआप कट होतो. तीन किलो शिल्लक. कोड कोणता, तर अमेरिकेचा. ते पुस्तक विकत घ्यायचं तर डॉलर मोजा, आणि घेतलं तरी आमच्या फिटरला वाचता येणार आहे का?

आणि जीआय (जस्त चढवलेला लोखंडी पाइप) टाकून बघितलंय. आतून गंज सुटतो, तो थेट सॉर्टेक्सच्या इजेक्टरमध्ये (हवेचा झोत सोडणारा भाग). इजेक्टर अडकला की चांगल्या डाळीत काळा दाणा, आणि मग व्यापारी भाव पाडणार. पीव्हीसीला गंज नाही, स्वस्त आहे, दुरुस्ती तासाभरात. आधी परवडेल असं काही सांगा, मग बंदीचं बोला.

तापीकाठ
अमेरिका सोडा, पाइपावरचं पुढचं अक्षर वाचा: आयएस 4985. हे आपलंच मानक, पाणीपुरवठ्याच्या पाइपाचं. बीआयएसच्या (भारतीय मानक ब्युरो) संकेतस्थळावर फुकट मिळतं. म्हणजे तुमचा 10 किलो हा पाण्याचा, तोही 27 अंशांना. मे महिन्यात तुमच्या पत्र्याखाली किती असतं? साधारण 43 अंशांना पीव्हीसीची ताकद निम्म्यावर येते, 60 ला पाव हिस्साही उरत नाही. 10 चा पाइप झाला 5 चा आणि त्यात हवा 7 ची. त्यात कॉम्प्रेसरमधून येणारी हवा मुळातच गरम, सोबत तेलाचा अंश. काही कॉम्प्रेसर तेलं पीव्हीसीला आतून ठिसूळ करतात, बाहेरून पाइप नवाकोरा दिसतो.

एक वेल्डर, भुसावळ
हवा आणि पाणी यातला फरक कोणी सांगितला नाही. पाणी जवळजवळ दबतच नाही. तडा गेला, चार थेंब सांडले की दाब खलास. हवा दाबून भरलेली असते, ती सगळी एका क्षणात सुटते. म्हणूनच लाइनची टेस्ट शक्यतो पाण्यानं घेतात. बी31.3 मध्ये पाण्यानं डिझाइन दाबाच्या दीडपट चालतं, हवेनं टेस्ट घ्यायची तर 1.1 पट, तीही वेगळी काळजी घेऊन. आमच्याकडे पार्टी म्हणते, ‘पाणी काढायची कटकट नको, हवाच मार.’ मी सरळ नाही म्हणतो. काम गेलं तर गेलं.

सातपुड्याचा वारा
माले एकच सांगा भाऊ, नियम काय फक्त प्लास्टिकलाच? वाफेचं बघा. बॉयलर कायद्यात 3.5 किलोच्या वर दाब गेला की स्टीम पाइप नियमात येतो, किंवा पाइप 254 मिलिमीटरहून मोठा असून दाब 1 किलोच्या वर असेल तर. मग लोक काय करतात? कागदावर दाब 3.5 च्या आत दाखवतात, इन्स्पेक्टर नको, सर्टिफिकेट नको. 3.5 किलोची वाफ 148 अंशांच्या आसपास असते, ती काय कातडी सोडून देते? मर्यादा घातली की माणूस मर्यादेच्या अलीकडे जाऊन बसतो. त्यामुळे तुमच्या कोडवर माझा फार विश्वास नाही. मालक चांगला असेल तर कोड नसला तरी चालतं.

तापीकाठ
@सातपुड्याचा वारा, कागदावर दाब कमी दाखवणं ही चोरी झाली, कोडचा दोष कसा? आणि चांगल्या मालकानं पाइप किती जाडीचा घ्यायचा ते चांगुलपणातून कसं कळेल? ते कुणीतरी आधी मोजून लिहिलेलं असतं, तोच कोड.

@डाळमिलवाला, तुमचा गंजाचा मुद्दा खरा आहे, तो मी उडवून लावत नाही. पण गंज येतो ओल्या हवेनं. कॉम्प्रेसरनंतर हवा कोरडी करणारा ड्रायर, लाइनला थोडा उतार, खालच्या टोकाला पाणी काढायचा ड्रेन आणि सॉर्टेक्सच्या तोंडाशी बारीक फिल्टर, एवढं असेल तर जीआय चालतो. नाहीतर ॲल्युमिनियमची जोडायची लाइन मिळते. सुरुवातीला महाग, पण मशीन हलवलं की लाइनही उचलून नेता येते.

डाळमिलवाला
ड्रायर आहे, बंद पडलाय. ॲल्युमिनियमचा भाव काढला होता, सगळी लाइन एकदम बदलणं या सीझनला जमायचं नाही. तुरीचा माल यायला लागलाय, मिल थांबवता येत नाही.

एक वेल्डर, भुसावळ
मग सगळी नका बदलू. कॉम्प्रेसर ते रिसीव्हर (हवा साठवायची टाकी) आणि तिथून पुढचा पहिला तुकडा आधी बदला, सगळ्यात तापतो तो. नंतर जिथं माणसं उभी राहतात, म्हणजे सॉर्टेक्सभोवतीचा. वरचं पत्र्याजवळचं सीझन संपला की करा, पण मे लागायच्या आत. आणि तोवर कट-आउट (कॉम्प्रेसर बंद होतो तो दाब) 7 वरून खाली आणा, सॉर्टेक्सवाल्याला विचारून.

डाळमिलवाला
सॉर्टेक्सवाला म्हणतो 6 च्या खाली नको. पहिल्या तुकड्याचं माप पाठवतो, दीड इंची आहे. रविवारी मिल बंद असते, येणार का?

एक वेल्डर, भुसावळ
येतो. पण 6 सुद्धा उन्हाळ्यात त्या पाइपाला जास्तच आहे, हे लक्षात ठेवा. आणि टेस्ट पाण्यानंच घेणार, ते आधीच सांगून ठेवतो.