थोडक्यात वाचलो, पण हातपाय नंतर का थरथरले?

काल बाईकवर होतो, एकदम एक कुत्रं आडवं आलं, ब्रेक दाबला, गाडी घसरली पण कशीबशी सावरली. त्या क्षणी मी अगदी शांत होतो. मग गाडी बाजूला घेतली आणि हेल्मेटचा पट्टा काढायला गेलो तर बक्कल सुटेना, बोटं एवढी थरथरत होती, तोंडाला कोरड, छातीत धडधड, पाय लटपटताहेत. घरी येऊन बघतो तर गुडघा सोलवटलेला, रक्त सुकलेलं, मला पत्ताच नाही! सगळं टळल्यावर असं का व्हावं? मी घाबरट आहे का?

उत्तर १
घाबरटपणाचा काही संबंध नाही हो. मी फिजिऑलॉजी शिकवते म्हणून जरा सविस्तर सांगते. मेंदूतला अमिग्डाला धोका ओळखतो तेव्हा तुमचा विचार अजून सुरूही झालेला नसतो, तिथून मेंदूतल्याच हायपोथॅलॅमसला निरोप, तिथून नसांमार्फत किडनीवर टोपीसारख्या बसलेल्या अ‍ॅड्रिनल ग्रंथींना, की अ‍ॅड्रिनलीन हे हार्मोन थेट रक्तात. ठोके वाढतात, श्वासनलिका रुंदावतात, लिव्हर साखर सोडतं, आणि पचन, लाळ असली कामं बाजूला पडतात, तोंड कोरडं पडतं ते म्हणून. अमेरिकन शास्त्रज्ञ वॉल्टर कॅनननं 1915 मध्ये याला 'लढा किंवा पळा' म्हटलं. आता तुमची थरथर. शरीरानं पळायची जय्यत तयारी केली, पण तुम्ही पळालातच नाही, नुसते उभे राहिलात. अ‍ॅड्रिनलीन स्नायूंवर काम करतच होतं, त्यानंच थरथर होते, हँडल घट्ट धरलेलं तोवर ती जाणवली नाही इतकंच. कॉर्टिसॉल, म्हणजे ताणाचं दुसरं हार्मोन, तर आणखी मागून येतं, त्याची पातळी साधारण 20-30 मिनिटांनी सर्वात वर जाते, म्हणजे तुम्ही घरी पोचलात तरी शरीराचं काम चालूच.

उत्तर २
गुडघ्याचं मी सांगतो. अशा वेळी मेंदू वेदनेचे सिग्नल मणक्यातच दाबून टाकतो, एंडॉर्फिन वगैरे शरीराची स्वतःची वेदनाशामकं त्यासाठीच. म्हणून पडल्यावर लगेच "काही नाही झालं" म्हणून कुणी चालायला लागलं तर त्याच्या बोलण्यावर जाऊ नका, आधी बसवा आणि डोकं, मान, हातपाय नीट बघा. हे मला फार महत्त्वाचं वाटतं.

उत्तर ३
सगळ्यांचं असंच होतं असं नाही पण. मी अशा वेळी जागच्या जागी थिजते, ओरडताही येत नाही, आणि रक्त दिसलं की चक्कर, कारण तिथे उलटंच होतं, ठोके आणि बीपी दोन्ही खाली येतात. त्यावरून लोक बोलतात तेव्हा खूप लागतं, कारण यात आपण काही ठरवून करत नसतो. धडधडीसाठी एक करा, श्वास घेतला त्यापेक्षा सोडायला जास्त वेळ घ्या, श्वास सोडताना ठोके आपोआप मंदावतात.

उत्तर १
बरोबर. एकच जोडते, छातीत दुखणं थांबत नसेल तर टेन्शन म्हणून घरी बसू नका, ताबडतोब दवाखाना गाठा. मोठ्या धक्क्यानं हृदयाचा डावा कप्पा तात्पुरता फुगून दुबळा पडू शकतो, जपानी डॉक्टरांनी त्याला ताकोत्सुबो म्हटलं, म्हणजे ऑक्टोपस पकडायचं मडकं, आकार तसा दिसतो म्हणून. सुरुवातीला ते हार्ट अटॅकसारखंच वाटतं, तपासल्याशिवाय फरक कळत नाही.

प्रश्नकर्ता
छातीत दुखत नाहीये, धडधड तासाभरातच थांबली होती. गुडघा धुऊन पट्टी केली, आता मात्र चांगलाच ठणकतोय. जीव भांड्यात पडला, मनापासून आभार सगळ्यांचे.