मदत हवी आहे : मराठा लाइट इन्फंट्रीच्या जवानाची पलटण कशी शोधायची?

पन्हाळा तालुक्यातल्या एका जवानाची दुसऱ्या महायुद्धातली चार पदकं आहेत: १९३९-४५ स्टार, आफ्रिका स्टार, इटली स्टार आणि वॉर मेडल. कागद एकही नाही. वॉर मेडलच्या कडेवर नंबर ठोकलाय, पण शेवटचे दोन आकडे झिजलेत. चिंच-राखेनं घासून उजळवलं की हेच होतं, कृपया कुणी तसं करू नका. तिरपा टॉर्च मारून, पातळ कागद ठेवून शिसपेन्सिल फिरवून झाली; एक आकडा ३ की ८ हे कळत नाही.

पदकांच्या रंगीत फिती बदललेल्या असू शकतात, म्हणून कुठला स्टार कुठला हे त्यावरच्या अक्षरांवरूनच धरलं आहे.

माझा अंदाज तिसऱ्या पलटणीचा (बटालियनचा). ती १९४१ला एरिट्रियात केरेनला लढली, पुढं इटलीत १०व्या डिव्हिजनमध्ये होती. व्हिक्टोरिया क्रॉस मिळालेले यशवंत घाडगे याच पलटणीचे. पहिली पलटण, म्हणजे व्हिक्टोरिया क्रॉसवाल्या नामदेव जाधवांची, इटलीत ८व्या डिव्हिजनबरोबर होती, पण केरेनला नव्हती. दुसरी १९४२ला टोब्रुकला कैद झाली. तरी जवान एका पलटणीतून दुसरीत जात, त्यामुळं नुसत्या पदकांवर खात्रीनं सांगणं चूक ठरेल.

बेळगावच्या रेकॉर्ड ऑफिसला अर्ज करायचाय. अर्धवट नंबर, नाव, वडिलांचं नाव, गाव एवढ्यावर शोध घेतात का? तेव्हाच्या नोंदीत गावाचं स्पेलिंग कसं असायचं? आणि झिजलेला ठसा वाचायचा आणखी उपाय कुणाला ठाऊक आहे का?